हिरवं पाणी घातलं आणि डॅफनिया मेले: विषाने, भुकेने की गुदमरून?

प्रश्न बराच लांब होता, म्हणून आधी मला काय समजलं ते सांगतो. तुम्ही सांगलीकडचे, गप्पी आणि फायटर माशांची पिल्लं वाढवता, त्यांच्या खाद्यासाठी सिमेंटच्या टाक्यांमध्ये डॅफनिया आणि मोइना हे पाण्यातले बारीक कवचवाले जीव ठेवता. एप्रिलमध्ये शेजारच्या शेततळ्यातलं गर्द हिरवं पाणी फुकट मिळतंय म्हणून दोन टाक्यांत घातलं, कारण शेवाळ हे डॅफनियाचं खाणंच आहे. पाच दिवसांत एक टाकी साफ झाली, तीसुद्धा एका रात्रीत. दुसरीत निम्मे उरलेत पण कुणाच्या पाठीत अंडी दिसत नाहीत, आणि पांढरे टुणटुण उड्या मारणारे बारीक किडे मात्र वाढलेत. आता विचारताय की हे शेवाळ विषारी होतं का, कुणीतरी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायला सांगितलंय तो टाकू का, आणि उरलेले डॅफनिया माशांना घातले तर चालतील का.

मी गेली अठरा वर्षं डॅफनियावरच काम करतोय, कारखान्यांचं सांडपाणी, तलावाचं पाणी वगैरे किती घातक आहे ते बघायला आम्ही हाच जीव वापरतो, त्यामुळे डॅफनिया मरताना खूप बघितलेत. आणि पहिली गोष्ट जी शिकलो ती ही की "विष होतं का" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून भागत नाही. अशा पाण्यात डॅफनियाला मारणाऱ्या निदान चार-पाच गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि तुमच्या दोन टाक्यांत माझ्या अंदाजाने दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्यात.

आधी त्या हिरव्या रंगाचं बघू. पाणी हिरवं दिसलं म्हणजे एकच शेवाळ असं नसतं. क्लोरेला, सीनडेस्मस ही खरी हिरवी शेवाळं, ती डॅफनियाला मानवतात, ॲक्वेरियमवाले ज्याला कौतुकाने "ग्रीन वॉटर" म्हणतात ते हेच. पण कडक उन्हात, खत वाहून आलेल्या साचलेल्या पाण्यात बहुतेक वेळा राज्य करतात ते नील-हरित शेवाळ, ज्याला शेवाळ म्हणतो पण ते मुळात बॅक्टेरिया आहेत, सायनोबॅक्टेरिया. आपल्याकडच्या तलावांत त्यातला नेहमीचा म्हणजे मायक्रोसिस्टिस. रंकाळ्याचं पाणी रंग कालवल्यासारखं हिरवं झालेलं बघितलं असेल तर मी कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. ओळखायची सोपी पद्धत अशी: पारदर्शक काचेच्या बाटलीत ते पाणी भरून न हलवता एक-दोन तास ठेवा. मायक्रोसिस्टिसच्या पेशींमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे तो वर येऊन दुधावरच्या सायीसारखा हिरवा थर धरतो. साधं हिरवं शेवाळ एक तर पाण्यात सारखं पसरलेलं राहतं नाहीतर तळाला बसतं. नीट बघितलं तर मायक्रोसिस्टिसचे पुंजके हिरव्या रव्यासारखे डोळ्यांनाही दिसतात.

पण बाटलीवरून ते विषारी आहे का हे कळत नाही, मायक्रोस्कोपखालीसुद्धा कळत नाही. विष बनवणारे आणि न बनवणारे मायक्रोसिस्टिस एकाच तलावात शेजारी-शेजारी राहतात आणि दिसायला अगदी सारखे असतात, फरक जीन्समध्ये असतो. लॅबमध्ये एलायझा किंवा एचपीएलसी या विष मोजायच्या तपासण्या केल्याशिवाय विष आहे की नाही हे कुणीही छातीठोक सांगू नये. त्यामुळे तुमच्या शेततळ्याबद्दल मी जे म्हणेन ते सगळं जर-तर आहे हे धरून चाला.

आता डॅफनिया खातो कसा ते समजून घ्या, कारण गोम तिथेच आहे. दोन शिंपल्यांसारख्या कवचाच्या आत त्याला पायांच्या पाच जोड्या असतात, त्यावर कंगव्यासारखे बारीक केस. हे पाय सतत हलत असतात, पाणी आत ओढतात, कंगव्यात जे अडकेल ते तोंडाकडे सरकवतात. म्हणजे तो दाणे निवडून खात नाही, तो चाळण लावून बसलाय. चाळणीत नको ते आलं तर फक्त तेवढं बाजूला काढणं त्याला जमत नाही, मागच्या नखीने सगळा घासच बाहेर फेकावा लागतो, त्यात चांगलं खाणंसुद्धा जातं. म्हणून लांब धाग्यासारखे सायनोबॅक्टेरिया असले की मोठ्या आकाराच्या डॅफनियाचे जास्त हाल होतात, कवचाची फट मोठी असते आणि धागे आत घुसतात. मोइना किंवा सेरिओडॅफनियासारखे छोटे त्यातल्या त्यात निभावतात.

मायक्रोसिस्टिसच्या बाबतीत मात्र आणखी एक विचित्र गोष्ट होते. पाण्यात तो आला की डॅफनिया खाणंच कमी करतो, पायांची हालचाल मंदावते. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की हे त्याच्या प्रसिद्ध विषामुळे, मायक्रोसिस्टिनमुळे होतं. याचा निकाल लावला १९९९ साली थॉमस रोरलाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाने, आणि मी प्रत्येक नवीन मुलाला कामावर घेतल्यावर हा प्रयोग समजावून सांगतो कारण विचार कसा करायचा हे त्यातून कळतं. पीसीसी ७८०६ नावाचा एक विषारी मायक्रोसिस्टिस आहे, मूळचा नेदरलँड्समधल्या एका जलाशयातला. त्याचा असा एक भाऊ जर्मनीत आधीच तयार केला होता की ज्यात मायक्रोसिस्टिन बनवणारा एक जीन मोडून टाकलाय, म्हणजे बाकी सगळं सारखं, फक्त हे एक विष नाही. दोन्ही वेगवेगळे डॅफनियाला खायला घातले. दोन्हींमध्ये डॅफनियाने खाणं सारखंच कमी केलं. पण मेले ते फक्त विषवाला प्रकार खाणारे. म्हणजे भूक मारणारी गोष्ट वेगळी आणि जीव घेणारी गोष्ट वेगळी! पाण्यातलं मायक्रोसिस्टिन उद्या शून्य निघालं तरी डॅफनिया उपाशी राहू शकतात, हे लक्षात ठेवा, कारण लोक लॅबचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की पाणी चांगलं समजतात.

बरं, ते विष पोटात गेल्यावर नक्की करतं काय? पेशींमधली बरीच कामं एका छोट्या स्विचवर चालतात. एक प्रकारची एन्झाइम्स प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवतात, दुसरी ते काढतात. मायक्रोसिस्टिन हे काढणाऱ्यांना, म्हणजे प्रोटीन फॉस्फेटेज १ आणि २ए यांना, जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. दिवे लावणारा आहे पण मालवणारा कुणी नाही अशी अवस्था होते. पेशीचा आतला सांगाडा ढासळतो, एकमेकींना धरून बसलेल्या पेशी सुट्या होतात. माणसात आणि गुराढोरांत याचा मार बसतो यकृतावर. डॅफनियाला आपल्यासारखं यकृत नाही, त्यामुळे पहिला मार आतड्याच्या अस्तरावर. ते अस्तर सैल पडलं की विष रक्तात उतरतं, मग पाय, जबडे, अन्ननळी, हृदय यांची लय बिघडते, आतड्याचे स्नायू आखडून राहतात. डॅफनिया काचेसारखा आरपार दिसतो, त्यामुळे हे सगळं साध्या मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी दिसतं. निरोगी डॅफनियाचं हृदय इतकं जोरात उडत असतं की मोजताना नवख्या माणसाची तारांबळ होते, आणि विष चढलेल्याचं अगदी थकल्यासारखं.

हे विष बहुतेक करून पेशीच्या आतच असतं, पाण्यात विरघळलेलं कमी. म्हणून गाळलेल्या पाण्यात डॅफनिया बऱ्याचदा टिकतो आणि पेशी खाल्ल्या की मरतो. आणि याचा एक उलटा अर्थ पण आहे, जो जितकं जास्त खातो तितकं जास्त विष घेतो. पाणी तापलं की डॅफनियाची भूक वाढते, सगळी चक्रं जोरात फिरतात, म्हणजे एप्रिलच्या उन्हात तोच मायक्रोसिस्टिस जास्त बाधू शकतो.

मायक्रोसिस्टिनचंच नाव जास्त होतं पण सायनोबॅक्टेरियाकडे दुसरीही हत्यारं आहेत आणि प्रत्यक्ष काम करणारा माणूस म्हणून मला त्यांची जास्त धास्ती वाटते, कारण ती नेहमीच्या तपासणीत सापडत नाहीत. डॅफनिया प्रोटीन पचवतो ते मुख्यतः ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या एन्झाइम्सनी, आपल्या पोटातही याच जातीची असतात. बऱ्याच सायनोबॅक्टेरियांमध्ये ही एन्झाइम्स अडवणारी द्रव्यं असतात. म्हणजे घास पोटात गेला तरी पचत नाही. त्यातलं 'मायक्रोविरिडिन-जे' (J) नावाचं एक द्रव्य तर आणखी वाईट, त्याने डॅफनियाला कात टाकता येत नाही. कवच असलेल्या प्राण्याला वाढायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं, मोठा डॅफनिया साधारण दर तीनेक दिवसांनी कात टाकतो, आणि पिल्लंसुद्धा कात टाकायच्या जरा आधी सोडतो, त्याचं सगळं वेळापत्रक त्या कातेवर बांधलेलं असतं. जुनं कवच अर्धवट निघालंय, पाय त्यात अडकलेत आणि जीव तिथेच धडपडून थांबलाय असे डॅफनिया मी स्वतः बघितलेत, बघवत नाही खरंच. तुमच्या टाकीतले दहा-बारा मेलेले पिपेटने काढून भिंगाखाली बघा. अंगाला जुनं कवच लोंबतंय असे बरेच सापडले तर मला हाच संशय येईल.

दुसऱ्या टाकीत अंडी का नाहीत, याचं उत्तर मात्र विषाशिवायही मिळतं. आपल्याकडे म्हणतात ना की खाल्लेलं अंगी लागत नाही, अगदी तसं. कीटक, कोळंबी, डॅफनिया हे सगळे संधिपाद प्राणी, यांना स्टेरॉल हे मेदासारखं द्रव्य स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. त्यापासून कोलेस्टेरॉल, त्यापासून कात टाकायचं हॉर्मोन. हिरव्या शेवाळात स्टेरॉल असतं, सायनोबॅक्टेरियात जवळजवळ नसतं. ईपीएसारखी लांब साखळीची फॅटी ॲसिड्सही नसतात. त्यामुळे बिनविषारी सायनोबॅक्टेरिया पोटभर खाल्ला तरी अंडी घालायला लागणारं सामान गोळा होत नाही. (स्पिरुलिना पावडर घालणाऱ्यांनी इथे थांबून विचार करा, स्पिरुलिनासुद्धा सायनोबॅक्टेरियाच आहे. चांगली पावडर विषारी नसते, पण नुसत्या तिच्यावर पिढ्या काढायला जाऊ नका, सोबत हिरवं शेवाळ द्याच.)

त्यात भर म्हणजे विष असलंच तर ते निपटायचा खर्च. डॅफनिया ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य विषाला जोडून ते बाहेर टाकायचा प्रयत्न करतो, पेशींची जळजळ आवरायला कॅटॅलेजसारखी एन्झाइम्स जास्त बनवतो. आधीच खाणं कमी, त्यात हा खर्च. मग जी शक्ती अंड्यांत जायची ती जीव वाचवण्यात जाते. पहिली वीण उशिरा होते, पिल्लं कमी होतात. म्हणून डॅफनियाची संख्या बघून पाण्याची परीक्षा करू नका, पाठीतली अंडी मोजा. संख्या कमी व्हायच्या कितीतरी आधी अंडी कमी होतात.

आता पहिली टाकी, जी एका रात्रीत गेली. हे मला विषासारखं वाटत नाही. मायक्रोसिस्टिसच्या विषाने डॅफनिया मरतात ते साधारण दोन-चार दिवसांत, पुढेमागे, ओळीने मरतात. सगळे एकदम पहाटे मेलेले दिसले तर मी आधी ऑक्सिजनकडे बोट दाखवीन. दाट हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच ऑक्सिजन शोषतं, पहाटे चार-पाचला सगळ्यात कमी उरतो. त्यात शेवाळ मरून सडायला लागलं तर संपलंच. एक खूण बघा, डॅफनिया लालसर गुलाबी झालेत का? ऑक्सिजन कमी पडला की ते हिमोग्लोबिन बनवतात आणि अंगाला लाली येते. लालबुंद डॅफनिया बघून लोक खूश होतात की काय सुंदर रंग आलाय, पण ती त्या जीवाची धाप आहे.

याचाच जोडीदार म्हणजे पीएच. दुपारी दाट शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच ९ च्या, कधी १० च्या वर जातो. टाकीत शेणखत किंवा कोंबडीखत घातलं असेल तर अमोनिया असणारच. पीएच ७ ला त्यातला विषारी भाग १ टक्क्याच्याही आत असतो, पण ३० अंश तापमानात पीएच ९ ला तो ४० टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे नवीन काहीही न टाकता तेच पाणी दुपारी घातक होतं. पीएचची पट्टी सकाळी नाही, दुपारी तीनला बुडवा. बरेच जण सकाळी बघतात आणि म्हणतात पीएच तर ठीक आहे.

तुमचे पांढरे टुणटुण उडणारे किडे म्हणजे सायक्लॉप्स आणि त्याचे भाऊबंद, कोपेपॉड. नारूच्या (पाण्यातून होणाऱ्या जंताच्या रोगाच्या) काळात ज्याच्यामुळे पाणी कापडाने गाळून प्यायला सांगायचे तोच हा, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला म्हणून आता त्याची भीती नाही. पण तो का टिकला हे बघण्यासारखं आहे. कोपेपॉड चाळण लावून बसत नाही, एकेक कण पकडतो, चाखल्यासारखं करतो आणि बरेच प्रकार तर विषारी पेशी ओळखून सोडून देतात. डॅफनियाला हे जमत नाही. म्हणून नील-हरित शेवाळ आलेल्या तलावात मोठे डॅफनिया जाऊन कोपेपॉड आणि छोटे प्रकार उरतात हे जगभर दिसतं. आणि दुसऱ्या टाकीत सायक्लॉप्स वाढलेत यावरून तिथे ऑक्सिजन फारसा संपला नसावा असंही मला वाटतं. तिथे खाण्याचाच प्रश्न जास्त आहे, विष असो वा नसो.

एक शंका आणखी. तुमच्या भागात द्राक्षाच्या बागा आहेत. शेततळ्याशेजारी एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची फवारणी चालू असेल तर कीटकनाशक पाण्यात उतरलेलं असू शकतं, आणि डॅफनिया हा शेवटी किड्याचाच नातेवाईक, काही कीटकनाशकं त्याला लिटरमध्ये मायक्रोग्रॅमच्याही आत मारतात. सगळा दोष शेवाळाला देण्याआधी हे विचारून घ्या.

मग ओळखायचं कसं? घरी करता येईल अशी टेस्ट सांगतो, आम्ही लॅबमध्ये जे करतो त्याचाच साधा प्रकार. चार पसरट काचेची भांडी घ्या, पाणी तीन-चार बोटंच, म्हणजे हवा लागत राहील, सावलीत ठेवा. पहिल्यात शेततळ्याचं पाणी आहे तसं. दुसऱ्यात तेच पाणी कॉफी फिल्टरमधून जवळजवळ नितळ होईपर्यंत गाळून. तिसऱ्यात तुमचं नेहमीचं मुरलेलं स्वच्छ पाणी, खायला काहीच नाही. चौथ्यात तेच स्वच्छ पाणी आणि तुमचं नेहमीचं खाणं. प्रत्येकात चांगल्या टाकीतली डॅफनियाची एकाच दिवसाची दहा-दहा पिल्लं सोडा. सकाळ-संध्याकाळ भांडं हलकंसं हलवून १५ सेकंद बघायचं, जो पोहत नाही तो गेला असं धरायचं आणि लिहून ठेवायचं.

सगळी गंमत तिसऱ्या, उपाशी भांड्यात आहे. मी सुरुवातीच्या वर्षांत हे भांडं ठेवायचो नाही. एकदा एका तलावाच्या पाण्यात चौथ्या दिवशी सगळे मेले म्हणून मी ते पाणी विषारी असं लिहून दिलं. नंतर परत केलं तेव्हा कळलं की नुसते उपाशी ठेवलेलेही त्याच दिवशी मरत होते. चूक पूर्ण माझी होती आणि त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या लोकांना उगाच घोर लागला, ते अजून मनात आहे. तेव्हापासून उपाशी भांड्याशिवाय मी कुठलाही निष्कर्ष लिहीत नाही.

तर वाचायचं असं. पहिल्या भांड्यातले उपाशीवाल्यांच्या आधी मेले, आणि गाळलेल्या पाण्यातले उपाशीवाल्यांइतकेच टिकले, तर विष पेशींमध्ये आहे. गाळलेल्या पाण्यातलेही झटपट मेले तर विरघळलेलं काहीतरी आहे, अमोनिया, कीटकनाशक, किंवा पेशी फुटून बाहेर आलेलं विष. पहिले आणि उपाशी एकाच सुमारास मेले तर शेवाळ त्यांना खाताच येत नाहीये. आणि पहिले उपाशीवाल्यांपेक्षा जास्त जगले पण आठवडाभरात अंडी धरली नाहीत तर खाणं आहे पण निकस आहे. चौथ्या भांड्यातले मेले तर तुमची पिल्लं किंवा तुमचं पाणीच बरोबर नव्हतं, टेस्ट परत करा.

मोरचुदाबद्दल मात्र अजिबात जर-तर नाही, टाकू नका! तांबं डॅफनियासाठी जहर आहे, लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅमही पुरू शकतात. शिवाय मोरचुदाने सायनोबॅक्टेरियाच्या पेशी फुटतात आणि आत कोंडलेलं सगळं विष एकदम पाण्यात येतं, वर मेलेलं शेवाळ सडून ऑक्सिजन खातं. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १९७९ साली पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ मारायला मोरचूद टाकला आणि त्यानंतर १४८ लोक आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. तिथला सायनोबॅक्टेरिया दुसरा होता, विषही दुसरं, पण गोष्ट तीच. तुमच्या टाक्या लहान आहेत, सरळ रिकाम्या करा, घासा, दोन दिवस उन्हात वाळवा, वर शेडनेट टाका. खाण्यासाठी क्लोरेलाचं शुद्ध कल्चर वेगळ्या बरण्यांत वाढवा आणि यीस्ट अगदी बेताने द्या. शेततळ्याचा इलाज हळू चालतो, त्यात स्फुरद येतो कुठून ते शोधून बंद करावं लागतं, खतं, शेण, वाहून येणारं पाणी.

उरलेले माशांना घालायचे का? मी घातले नसते, निदान लगेच नाही. डॅफनियाच्या आतड्यात त्या क्षणी जे भरलंय तेच माशाच्या पिल्लाच्या तोंडात जातं. खाणं चालू असलं की आतडं तासाभरात नवीन भरतं, म्हणून जाळीत धुवून, स्वच्छ पाण्यात चांगल्या हिरव्या शेवाळावर एक दिवस ठेवून मग थोडे-थोडे देता येतात. अंगात मुरलेलं विष यानेही पूर्ण जात नाही. पण मायक्रोसिस्टिन हे पाऱ्यासारखं साखळीत वर-वर साठत जाणाऱ्यातलं नाही, बहुतेक ठिकाणी वर जाताना कमीच होत जातं. फायटरची चार दिवसांची पिल्लं असतील तर हा धोकाही घेऊ नका.

आणि खरं तर त्या उरलेल्या निम्म्यांना मी खाद्य म्हणून बघणारच नाही, बियाणं म्हणून बघीन. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये कॉन्स्टन्स नावाचा मोठा तलाव आहे, तिथे १९६० च्या दशकापासून स्फुरद वाढत गेला आणि सायनोबॅक्टेरिया वाढले. डॅफनिया अडचणीत आला की पाठीवर खोगीर घातल्यासारख्या काळ्या डबीत टिकाऊ अंडी घालतो, ती गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात. नेल्सन हेअरस्टन आणि सहकाऱ्यांनी त्या तलावाच्या गाळाच्या थरांतून वेगवेगळ्या दशकांतली अशी अंडी काढून उबवली आणि त्या डॅफनियांना मायक्रोसिस्टिस खायला घातला. प्रदूषण वाढायच्या आधीच्या काळातले त्यावर नीट वाढेनात, नंतरचे बऱ्यापैकी वाढले. हे १९९९ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं. काही दशकांत त्या तलावातला डॅफनिया विषाला सरावला होता, पिढ्यांच्या निवडीतून. दुसऱ्या एका प्रयोगात असंही दिसलंय की आईने मायक्रोसिस्टिस सोसला असेल तर तिची पिल्लं तो जास्त चांगला सोसतात. तेव्हा वाचलेल्यांतले वीस-तीस वेगळ्या बरणीत घ्या, चांगलं खाणं द्या, आठवड्याभरात अंडी दिसायला हवीत. बाहेरून विकत आणलेला मोठा डॅफनिया मॅग्ना हा थंड पाण्याचा जीव आहे, आपल्या एप्रिलमध्ये तो नुसत्या उष्णतेनेच अर्धमेला असतो. तुमच्याच भागातल्या तळ्यातला मोइना जास्त साथ देईल.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही. त्या शेततळ्यावर जनावरं पाणी पितात का? शेळ्या, गाई, राखणीचा कुत्रा? १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना तलावाबद्दल नेचरमध्ये लिहिलं होतं, सायनोबॅक्टेरियाची साय आलेलं पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मरत होती. वारा ही साय ज्या काठाला ढकलतो तिथे ती दाट होते आणि जनावर नेमकं काठावरच पाणी पितं. मायक्रोसिस्टिन उकळूनही जात नाही. बाटलीत हिरवा थर वर आला तर चारही भांड्यांच्या टेस्टची वाट बघू नका, आधी शेजाऱ्यांना सांगून जनावरांचं पाणी दुसरीकडे करा. टेस्टचे आकडे आणि बाटलीचा फोटो टाकलात तर मी बघून सांगतो.